८०-२६ : रिव्हरसाइडच्या कर्णबधिर शाळेची टीम जिंकली कशी आणि पुढे काय

आधीच सांगून टाकतो, हा फुटबॉल म्हणजे कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर तालमी-तालमींमध्ये रंगतो तो नाही. हा अमेरिकेतला, अंड्यासारखा बॉल काखेत मारून पळायचा आणि हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा. त्यातही हा आठ जणांचा, नेहमीच्या अकरातले तीन कमी. लहान शाळांना अकरा दणकट पोरं आणि वर बदली खेळाडू असा सगळा लवाजमा जमवता येत नाही म्हणून तिकडे आठाचा खेळ चालतो, मैदानही अरुंद असतं, त्रेपन्न यार्डांच्या जागी ४० यार्ड रुंद. पण माणसंच कमी असल्यामुळे एकदा का पोरगा पहिली फळी फोडून सुटला की मागे त्याला अडवायला फारसं कोणी उरत नाही, म्हणून स्कोअर फुगतात. ८०-२६ बघून दचकू नका, आठाच्या खेळात असे आकडे दिसतात. अर्थात फायनलला ८० म्हणजे तिथल्या हिशोबानेसुद्धा समोरच्याला धुतलंच म्हणायचं.

प्रकरण असं आहे. लॉस एंजेलिसच्या पूर्वेला, ट्रॅफिक नसेल तर तासाभरावर (आणि तिथे ट्रॅफिक नाही असं होत नाही), रिव्हरसाइड नावाचं शहर आहे. संत्र्यांचं गाव. तिथे १८७३ साली लावलेलं नेव्हल संत्र्याचं एक मूळ झाड अजून रस्त्याच्या कोपऱ्यावर कुंपणात जपून ठेवलंय, नागपूरकरांना सांगितलं की ते नाक मुरडतात पण असो. या गावात कॅलिफोर्निया स्कूल फॉर द डेफ ही सरकारी शाळा १९५३ पासून आहे. सगळे विद्यार्थी कर्णबधिर, पूर्ण दक्षिण कॅलिफोर्नियातून आलेले, लांबची मुलं आठवडाभर वसतिगृहात राहतात. हायस्कूलची मुलंमुली सगळी मिळून दोनशेसुद्धा नाहीत. टीमचं नाव कब्स, म्हणजे अस्वलाचे बछडे. (लिहिताना ‘कब्ज’ होऊ नये याची मी फार काळजी घेतोय.)

ही टीम अनेक वर्षं मार खात होती. सलग सात सीझन जिंकण्यापेक्षा हरणंच जास्त, वर समोरच्या टीमची पोरं चिडवायची ते वेगळंच. मग २०२१ ला काहीतरी फिरलं. एकामागून एक मॅच जिंकत कब्स हरल्याशिवाय आपल्या विभागाच्या शालेय स्पर्धेच्या फायनलला पोचले, शाळा सुरू झाल्यापासून ६८ वर्षांत पहिल्यांदा. न्यूयॉर्क टाइम्सने मोठी बातमी केली, मग टीव्हीवाले, मग सगळा देश. आणि मग फायनल. कॅनोगा पार्कच्या फेथ बॅप्टिस्ट शाळेने त्यांना ७४-२२ ने लोळवलं.

एका वर्षाने, नोव्हेंबर २०२२ ला, परत फायनल. परत फेथ बॅप्टिस्टच समोर. आणि या वेळी कब्स ८०, फेथ बॅप्टिस्ट २६. आधी ५२ ने हरलेले, आता ५४ ने जिंकले, म्हणजे त्याच दोन शाळांमध्ये एका वर्षात १०६ पॉइंटांचा पालट. टचडाउनचे (बॉल समोरच्यांच्या टोकाच्या रेषेपार नेला की) सहा आणि त्यानंतरच्या जादा प्रयत्नाचे जास्तीत जास्त दोन धरले तर ८० व्हायला किमान दहा टचडाउन लागतात, यावरून अंदाज घ्या.

मला या प्रकरणात दोनच गोष्टी बघायच्यात. जिंकले कशाने, आणि जे जिंकवून गेलं ते टिकेल का.

बाहेर या बातमीला सगळीकडे एकच फोडणी दिली गेली, ‘बहिरेपणावर मात करून विजय’. वाचायला बरं वाटतं, डोळ्यात पाणी येतं, शेअर होतं. मला ही फोडणीच करपलेली वाटते. पोरांनी बहिरेपणावर मात वगैरे काही केलेली नाही. ती मैदानात उतरताना बहिरी होती, बाहेर येताना बहिरीच होती आणि त्या मैदानावर त्याची अडचण कोणाला होत असेल तर ती समोरच्या टीमला. ती जिंकली कारण त्या टीममध्ये पहिल्या पोरापासून कोचपर्यंत प्रत्येकाची भाषा एकच होती. हे वाक्य साधं दिसतं पण ते कळायला मला माझ्या मावसभावाची मदत झाली, म्हणून थोडं विषयांतर.

माझा मावसभाऊ जन्मापासून ऐकू शकत नाही. आता अडतिशीचा आहे, एमआयडीसीत सीएनसी मशीनवर काम करतो, हात असा साफ की सुपरवायझर नवीन पोरांना त्याच्याकडे बघत उभं करतो. लहानपणी सुट्टीत सातारा बाजूला मावशीच्या गावी गेलो की आम्ही त्याला क्रिकेटला घ्यायचो. घ्यायचो म्हणजे काय, दया म्हणून. फिल्डिंगला एकदम लांब, उसाच्या बांधाला. कारण काय तर जवळ ठेवला आणि कोणी ‘सोड सोड, माझा माझा’ ओरडलं तर त्याला कळणार नाही, दोघं आदळतील. एकदा खरंच आदळले होते, दुसऱ्या पोराचा ओठ फाटला, तेव्हापासून बांध कायमचा. तो थ्रो इतका सरळ मारायचा की स्टंपच्या मागे उभ्या असलेल्याला हलायला लागायचं नाही, पण बॉल त्याच्याकडे जाणार किती, दहा ओव्हरमध्ये दोनदा. बाकी वेळ तो तिथे उभा राहून आमची तोंडं हलताना बघायचा. आऊट झाल्यावर आम्ही कशावरून हसतोय ते त्याला कोणी सांगितलं नाही. सांगायला आमच्याकडे भाषा नव्हती आणि त्या वयात असं काही करावं लागतं हे डोक्यातही नव्हतं.

आता हाच पोरगा अमेरिकेतल्या एखाद्या ऐकणाऱ्यांच्या शाळेत टाका. कब्समधली काही पोरं आधी तशाच टीममध्ये खेळलेली आहेत आणि त्यांचं म्हणणं जवळजवळ हेच आहे. दुभाषा असतो बाजूला, पण कोच जे वीस सेकंदात बोलतो ते दुभाष्याकडून हातांवर येईपर्यंत बाकीची पोरं जागेवर गेलेली असतात. जोक तर दुभाष्यातून येतच नाही. टीममध्ये आहेस पण टीमचा नाहीस.

रिव्हरसाइडला हे पूर्ण उलटं होतं. हेड कोच कीथ अ‍ॅडम्स, त्याच शाळेतले पीटीचे सर, स्वतः कर्णबधिर. त्यांची दोन मुलं टीममध्ये, तीही कर्णबधिर. कोच साइडलाइनवरून हात हलवतो आणि पन्नास यार्डांवरच्या पोराला ते जसंच्या तसं कळतं, तेवढ्याच वेळात, जराही न गळता. ऐकणाऱ्यांच्या टीमचा कोच पन्नास यार्डांवरून ओरडतो तेव्हा प्रेक्षकांचा गोंगाट, वारा, ढोल सगळं मध्ये येतं. इथे मध्ये काही येत नाही, फक्त नजर पाहिजे.

अमेरिकन फुटबॉल हा थांबून थांबून खेळायचा खेळ आहे. दर काही सेकंदांनी खेळ तुटतो, टीम ठरवते आता काय करायचं, मग परत एक धडक. म्हणजे अर्धा खेळ हा निरोप पोचवण्याचा आहे. इतर टीम त्यासाठी गोल करून डोक्याला डोकं लावून कुजबुजतात, त्याला हडल म्हणतात. कब्सना प्रत्येक वेळी त्याची गरजच नाही, जागेवर उभ्या उभ्या हातांची दोन-चार झटपट वळणं झाली की पुढचा डाव ठरला. समोरच्यांना ती खुणांची भाषा येत नाही, म्हणजे यांचं सगळं उघड्यावर चाललंय आणि तरी गुपित आहे.

गंमत म्हणजे हडल निघाला तोच कर्णबधिर पोरांमुळे असं मानतात. वॉशिंग्टनमध्ये गॅलोडेट नावाचं कर्णबधिरांचं विद्यापीठ आहे, १८६४ पासूनचं. १८९० च्या दशकात तिथला क्वार्टरबॅक (म्हणजे डाव चालवणारा खेळाडू) पॉल हबर्ड दुसऱ्या कर्णबधिर टीमशी खेळताना वैतागला, कारण समोरच्यांनाही खुणा कळतात, डाव फुटतो. म्हणून त्याने पोरांना गोल करायला लावलं आणि त्या गोलाच्या आत हात हलवले. ऐकणाऱ्यांना ते आवडलं आणि त्यांनी ते असं काही उचललं की आज टीव्हीवर दिसणारा प्रत्येक हडल त्याचाच वारस. आपल्याकडे क्रिकेटवाले विकेट पडल्यावर गोल करतात तेव्हा मला हे हटकून आठवतं.

दुसरा एक बारकावा. डाव सुरू होताना मधला खेळाडू बॉल मागे क्वार्टरबॅककडे देतो, त्याला स्नॅप म्हणतात. त्याआधी समोरच्यांपैकी कोणी रेषा ओलांडली तर फाउल. ऐकणाऱ्यांचा क्वार्टरबॅक इथे एक लबाडी करतो, आवाजाची लय मुद्दाम मोडून जोरात ओरडतो, समोरचा पोरगा त्याला फसून आधीच उडी मारतो आणि फुकटचे पाच यार्ड जातात. आता ही लबाडी कब्सवर चालेल का सांगा. ती पोरं बॉलकडे बघतायत, बॉल हलला की हलायचं, तोपर्यंत तू तिकडे पोवाडा म्हण. उलट बाजूने एक तोटा पण आहे, शिट्टी. रेफरीची शिट्टी वाजली तरी ज्याची पाठ आहे त्याला खेळ थांबल्याचं कळत नाही. ऐकणाऱ्याला शिट्टी डोक्यामागून मिळते, यांना मान फिरवून मिळवावी लागते. म्हणजे नुसताच फायदा नाही, पण हिशोब मांडला तर नजरेवर चालणाऱ्या खेळात, जन्मभर नजरेवर चाललेली आठ पोरं, एका भाषेत. समोरचे कोच मॅचनंतर हेच म्हणायचे की यांना मैदानावर सगळं दिसतं.

इथे माझीच थिअरी थोडी लंगडते, ते लपवत नाही. भाषा तर २०२१ लाही एकच होती. कोच तेच होते. मग ५२ ने का हरले? भाषेने निरोप पोचतो, पण समोरून ऐंशी-नव्वद किलोचा पोरगा अंगावर आला की निरोप कामाचा नाही, मांड्या कामाच्या. २०२१ च्या टीमची बरीचशी पोरं ज्युनियर होती, आपल्या हिशोबाने अकरावीची. सोळाचा पोरगा आणि सतराचा पोरगा यात एका उन्हाळ्याचं अंतर असतं पण दोघांना शेजारी उभं केलं तर भाऊ-भाऊ वाटतात. अकराच्या टीममध्ये दोन पोरं कोवळी असली तर बाकीचे नऊ झाकून नेतात, आठाच्या टीममध्ये दोन म्हणजे पाव टीम. त्यात पहिलीच फायनल, आणि आजूबाजूला अचानक कॅमेरे. ज्या पोरांकडे शेजारच्या गावाने कधी बघितलं नव्हतं त्यांच्याकडे अख्खा देश बघायला लागला.

आणि कोविड मध्ये होता हे विसरून चालणार नाही. कॅलिफोर्नियात २०२० च्या शरद ऋतूत हायस्कूल फुटबॉल झालाच नाही. ऐकणाऱ्या पोरांसाठी तो मॅच बुडाल्याचा प्रश्न होता, या पोरांपैकी बऱ्याच जणांसाठी भाषाच बंद पडण्याचा. नव्वद टक्क्यांहून जास्त कर्णबधिर मुलं ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात आणि त्यातल्या कितीतरी घरांत नीट खुणांची भाषा कोणालाच येत नाही. शाळा बंद म्हणजे पोरगा घरी, पंगतीत बसलाय, सगळे हसतायत, तो विचारतो काय झालं, आई हाताने खूण करते ‘नंतर सांगते’. ते नंतर येत नाही. आमच्याकडे मावशीच्या घरी हे मी शंभर वेळा बघितलंय आणि ‘नंतर सांगतो’ ही खूण मी स्वतः केलीय. तेव्हा शाळा परत उघडल्यावर ती पोरं मैदानावर जे धावली असतील त्यात नुसता खेळ नव्हता असं मला वाटतं.

याच टीममधली काही पोरं मात्र कर्णबधिर आईबापांची, त्यात कोचची दोन मुलंही आली. ही पोरं पाळण्यापासून खुणांमध्ये वाढलेली, घरी भाषा पूर्ण. अशी दोन-चार पोरं टीमच्या मध्यभागी असली की उशिरा भाषा मिळालेल्यांना ती ओढून नेतात. या गोष्टीकडे बातम्यांनी जवळजवळ लक्षच दिलं नाही, त्यांना गाडीत झोपणारा पोरगा जास्त आवडला. तो होता खरा, घर नव्हतं म्हणून काही काळ वडिलांबरोबर एका दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडीत झोपायचा आणि प्रॅक्टिसला यायचा. त्याची जिद्द मोठीच, पण ती सांगताना बाकी यंत्रणा कशी चालते ते राहून गेलं.

२०२२ साल सुरू झालं ते फेब्रुवारीत सुपर बोलला, म्हणजे तिथल्या व्यावसायिक फुटबॉलच्या फायनलला. लॉस एंजेलिसजवळच्या सोफाय स्टेडियमला टॉस करायला टेनिसवाली बिली जीन किंग होती आणि तिच्याबरोबर मैदानाच्या मध्यावर उभ्या असलेल्यांत कब्सचे कॅप्टन होते. नुकतंच ७४-२२ ने हरलेली शाळेची पोरं, आणि समोर सत्तर हजार माणसं. मला वाटतं हरलेल्या टीमला एवढं बोलावणं मिळणं ही थोडी धोक्याचीच गोष्ट होती, पोरं तिथेच विरघळायची. नाही विरघळली. राहिलेली पोरं एक वर्षाने मोठी झाली, बरीचशी सिनियर (म्हणजे शेवटच्या वर्षाची) झाली आणि तोच फायनलचा प्रतिस्पर्धी मिळाला. समोरची शाळाही तीच असली तरी टीम तीच नसते हेही लक्षात घ्या, शाळेच्या टीममधून दरवर्षी मोठी पोरं पास होऊन जातात, २०२१ ला ज्यांनी लोळवलं त्यातले सिनियर २०२२ ला कॉलेजला गेलेले. एका वर्षी तुझं पीक तयार, एका वर्षी माझं. १०६ पॉइंटांच्या पालटात एवढा वाटा नशिबाच्या गणिताचाही आहे.

आणि हेच गणित पुढच्या वर्षी कब्सच्या विरुद्ध उभं राहतं.

आता पुढे काय

पोरांचं आधी बघू. हायस्कूल फुटबॉल म्हटला की अमेरिकेत लगेच कॉलेज स्कॉलरशिप आणि त्यापुढे एनएफएल (तिथली व्यावसायिक लीग) अशी स्वप्नं. आठाच्या खेळातून तसंही मोठ्या कॉलेजांचे स्काउट फार कमी उचलतात, त्यांना अकराच्या खेळातला, मोठ्या शाळेचा, त्यांच्या मापात बसणारा पोरगा हवा असतो. एनएफएलमध्ये आजवर कर्णबधिर खेळाडू बोटांवर मोजण्याएवढे. १९७३ ला सेंट लुईस कार्डिनल्सचा बॉनी स्लोन, १९९१ ला डेन्व्हर ब्रॉन्कोसचा केनी वॉकर आणि मग डेरिक कोलमन, जो सिएटलकडून खेळला आणि २०१४ च्या फेब्रुवारीत सुपर बोल जिंकला. तेव्हा कब्सच्या पोरांना कोणी ‘पुढचा कोलमन’ म्हणत असेल तर त्याने जरा दमाने घ्यावं.

त्यांचा सरळ रस्ता गॅलोडेटचा. तिथे तीच भाषा, तेच वातावरण, फक्त मोठं. गॅलोडेट एनसीएएच्या (म्हणजे कॉलेजांच्या खेळांच्या संघटनेच्या) तिसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळतं आणि त्या डिव्हिजनमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप देता येत नाही, नियमच आहे. म्हणजे पोराने तिथे खेळायचं तर शिकायला जाऊन खेळायचं, खेळायला जाऊन शिकायचं नाही. आपल्याकडच्या आईबापांना हे फार आवडेल. गॅलोडेटची टीम काही नावापुरती नाही, २०१३ ला ती पहिल्यांदा एनसीएए प्लेऑफला गेली. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये तर एटी अँड टी कंपनीबरोबर बनवलेलं एक हेल्मेट त्यांच्या क्वार्टरबॅकने मॅचमध्ये घातलं, कोच टॅब्लेटवर डाव निवडतो आणि तो हेल्मेटच्या आत छोट्या काचेवर उमटतो. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी हडल दिला, आता हे. ऐकणारे हेही उचलतील बघा, गोंगाटाच्या स्टेडियममध्ये ऐकणाऱ्यांनाच त्याची जास्त गरज आहे.

टीमचं काय? इथे मी जास्त साशंक आहे, पण पोरांच्या गुणांबद्दल नाही. कोचचा धाकटा मुलगा आणि त्याच्या वयाची पोरं खालून येत होतीच, नाव झाल्यामुळे सरावाला हात वर करणारी पोरं वाढली असणार, राज्य सरकारनेही शाळेच्या नव्या क्रीडासंकुलाकडे बघितलं, जे त्यांनी सात हरलेल्या सीझनमध्ये बघितलं नव्हतं. इथवर सगळं चांगलं. पण दोनशेपेक्षा कमी मुलांच्या हायस्कूलमध्ये मुलगे किती, त्यातले धडधाकट किती, त्यातले ज्यांच्या आया हो म्हणतील ते किती, असं चाळत आलं की वीस-पंचवीस नावं उरतात. एखाद्या वर्षी सहावीचा वर्ग लहान भरला तर पाच वर्षांनी त्याचा फटका थेट फायनलला बसणार. ही टीम वर गेली ती एका भरलेल्या पिढीमुळे, आणि पिढी काही कोचला मागवता येत नाही.

म्हणून खरा प्रश्न शाळेचा आहे. अमेरिकेत १९७५ ला कायदा झाला की अपंग मुलांना शक्यतो जवळच्या नेहमीच्या शाळेत सामावून घ्या. हेतू चांगलाच. १९९० ला लहान मुलांसाठी कॉक्लियर इम्प्लांटला, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायच्या ऐकण्याच्या यंत्राला, मान्यता मिळाली. आता दोन वर्षांच्या मुलाच्या आईबापांसमोर डॉक्टर बसतो आणि सांगतो, मशीन बसवू, थेरपी करू, तुमच्या घराजवळच्या शाळेत जाईल, इतरांसारखा होईल. कोणते आईबाप नाही म्हणतील? मीही नाही म्हणालो नसतो. परिणाम एवढाच की कर्णबधिरांच्या निवासी शाळांचे पट देशभर उतरत गेले. एक-एक पोरगा एक-एक शाळेत, दुभाष्यासकट, किंवा त्याच्याशिवाय. प्रत्येकाची सोय झाली आणि आठ जणांची टीम होणं अवघड झालं.

इम्प्लांटच्या विरोधात मी काही म्हणत नाहीये, कब्ससारख्या शाळांत इम्प्लांटवाली पोरंही असतात, हेल्मेट घालताना मशीन काढून ठेवतात आणि खेळतात, त्यात भांडण नाही. भांडण आहे ते ‘मशीन आहे ना, मग खुणा कशाला’ या म्हणण्याशी. कारण कब्सचं जे काही बळ आहे ते मशीनमध्ये नाही आणि एकट्या-दुकट्या गुणी पोरातही नाही, ते एका जागी पुरेशी मुलं आणि त्यांची पूर्ण भाषा असण्यात आहे. क्रीडासंकुल उद्या सोन्याचं बांधा, वर्गात पोरं नसली तर त्यावर कबुतरंच खेळणार.

हे वाचून इथे कोणाला ‘तिकडचं तिकडे’ वाटत असेल तर आपल्या गावातल्या अशा शाळेची पाटी बघून या. बऱ्याच ठिकाणी अजून ‘मूकबधिर विद्यालय’ लिहिलेलं असतं. मूक? माझा भाऊ जेवढा बोलतो तेवढं आमच्या घराण्यात कोणी बोलत नाही, फक्त हातांनी. तो ज्या निवासी शाळेत होता (नाव घेत नाही) तिथे नव्वदच्या दशकात वर्गात हात हलवले की पट्टी मिळायची, तोंडाने ‘प’ आणि ‘ब’ वेगळे काढायचा तासन्‌तास सराव, गालाला हात लावून कंप ओळखायचा. बाईंची त्यात चूक अशी नव्हती, त्यांना तसंच शिकवलेलं, आणि त्यांना शिकवणाऱ्यांनाही. हे सगळं मागे जातं ते १८८० च्या, इटलीतल्या मिलानच्या कर्णबधिर-शिक्षणाच्या परिषदेपर्यंत, जिथे बहुतेक ऐकणाऱ्याच शिक्षकांनी मिळून ठराव केला की खुणा बंद, तोंडी शिक्षण बरं. भाऊ म्हणतो खरी शाळा रात्री वसतिगृहात भरायची, दिव्याखाली, मोठी पोरं लहानांना खुणा शिकवायची. दिवा मालवला की शाळा सुटली. अलीकडे जरा बदलतंय, २०१५ ला दिल्लीला भारतीय सांकेतिक भाषेची सरकारी संस्था झाली, २०२० च्या शैक्षणिक धोरणात त्या भाषेचं नाव आलं. कागदावर आलंय, पट्टी तरी गेली असेल अशी आशा.

हे लिहायच्या आधी मी भावाला कब्सच्या मॅचची एक क्लिप पाठवली होती. अमेरिकेतल्या खुणा वेगळ्या आणि आपल्याकडच्या वेगळ्या, त्यामुळे ती पोरं काय बोलतायत ते त्याला कळलं नाही, आणि खेळाचे नियम तर मलाच तिसऱ्या वेळी कळले. संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर त्याचा व्हिडिओ कॉल आला. कंपनीच्या गेटबाहेर, मागे बसची लाइन, फोन टपरीच्या फळीवर टेकवून दोन्ही हात मोकळे केलेले. टचडाउनचं त्याने काही विचारलं नाही. तो म्हणाला, बाहेर बाकावर बसलेली पोरंपण बघ, एक पण गप्प नाहीये, सगळे एकमेकांना काहीतरी सांगतायत. मग जरा थांबून त्याने एक खूण केली, ती मला लगेच कळली कारण ती आमची गावाकडची जुनी खूण आहे, हात लांब करून बोटाने क्षितिज दाखवायचं. बांध. म्हणजे, यांच्यात लांब कोणाला उभं करतात?

मी सांगितलं, आठच जण असतात रे, लांब उभं करायला कोणी उरतच नाही.